दुबईला यायचं म्हणतोस तर आधी हे वाच

भावा, तू विचारलंस की एजंट दीड लाख मागायलाय, व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणतो, त्यासाठी अण्णा औशाकडचं एकरभर रान गहाण टाकायला तयार झालेत, पण टीव्हीवर इराण-इस्रायल बघून आई नको म्हणायलीय, तर तिकडं सेफ आहे का. मी 2008 च्या मे महिन्यात लातूरहून आलो, शटरिंग कारपेंटर म्हणून, आता फोरमन आहे, जे बघितलं ते सांगतो.

आईची भीती खोटी नाही रे. 17 जानेवारी 2022 ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी अबुधाबीत मुसफ्फा या कारखान्यांच्या भागावर ड्रोन सोडले तेव्हा मी मुसफ्फालाच होतो. तेलाचे टँकर पेटले, तिघं गेले, दोन आपले आणि एक पाकिस्तानी. साइटवरनं काळा धूर दिसायला होता आणि माझ्या शेजारी पेशावरचा एक चाचा खिळ्यांची पिशवी हातात तशीच धरून उभा होता, दोघांचेही फोन वाजायले होते, घरूनच, पण कुणाचा हात खिशाकडं जाईना. पुढं मे 2025 ला पहलगामनंतर दोन्हीकडून पेटलं तेव्हा पण मी आणि तो चाचा एकाच मेसमधे जेवत होतो, माझा पुतण्या फौजेत, चाचाचं घर तिकडं, त्या चार दिवसांत टीव्ही कुणी लावलाच नाही. जूनमधे इराणनं कतारच्या अमेरिकन तळावर मिसाइल टाकले, विमानं काही तास बंद, तेवढ्यात आमचा निलंग्याचा एक पोरगा बापाच्या मातीला निघालेला तो एअरपोर्टवरच अडकला. त्याला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. युद्ध इथं बहुतेकांना असंच लागतं.

मला मात्र सगळ्यात मोठा दणका बसला तो पैशाचा. सप्टेंबर 2008 ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, मला नाव पण माहीत नव्हतं, पण महिन्या-दोन महिन्यात आमच्या साइटवरची क्रेन थांबली. नोव्हेंबर 2009 ला दुबई वर्ल्ड या तिथल्या सरकारी कंपनीनं कर्ज फेडायला मुदत मागितली, मग अबुधाबीनं 10 अब्ज डॉलर देऊन सावरलं, पण आमच्या कंपनीनं तोवर चार महिन्यांचा पगार दिला नव्हता. मी गावातल्या सावकाराकडून लाख रुपये आणलेले, शेकडा तीननं, म्हणजे महिन्याला तीन हजार नुसतं व्याज आणि हातात शून्य. भावानं बैलजोडी हाळीच्या बाजारात विकली. मला फोनवर सांगितलं नाही, सुट्टीला गेलो तेव्हा गोठा रिकामा दिसला. म्हणून रान गहाण म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

लोक म्हणतात दिरहाम, म्हणजे इथलं चलन, वाढलाय. खरंय, दिरहाम डॉलरला बांधलेला, मी आलो तेव्हा 11 रुपयाच्या आसपास होता, 2025 ला 23 पार झाला. पण 2022 ला युक्रेन पेटलं आणि गोडेतेलाचा डबा कुठल्या कुठं गेला, सूर्यफुलाचं तेल आपल्याकडं बहुतेक तिकडूनच यायचं ना, त्यामुळं इथून जास्त पाठवलं तरी घरी तेवढं उरत नाही.

आता तुझं. व्हिजिट व्हिसावर काम करणं इथं गुन्हा आहे, पकडला गेलास तर दंड, डिपोर्ट, आणि पगार बुडवला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? ई-मायग्रेटवर, म्हणजे भारत सरकारच्या परदेशी नोकरीच्या वेबसाइटवर, नोंद असलेला एजंटच धर, त्याला 30,000 आणि जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायची परवानगीच नाही, दीड लाख कशाचे ते विचार. दहावी झालेली नसेल तर पासपोर्ट ईसीआर असेल, म्हणजे नोकरीला बाहेर जायला सरकारची मंजुरी लागणारा, मग प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो, दोन वर्षाला 275 रुपये हप्ता आणि 10 लाखांचं कव्हर, तो कागद आईजवळ ठेवून ये. कॉन्ट्रॅक्टमधे बेसिक, म्हणजे मूळ पगार बघ, टोटल बघू नको, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवसांच्या पगाराएवढी. आणि पहिले सहा महिने पगार झाला नाही तरी घर चालेल एवढं धान्य-पैसा घरी आहे का ते अण्णांसोबत बसून मोज, नसेल तर यंदाचं सोयाबीन निघू दे, मग ये.

एजंटनं कॉन्ट्रॅक्ट दिलं असेल तर त्याचा फोटो आजच पाठव, अरबी पान पण पाठव, इथं मुदीरकडून, म्हणजे आमच्या मॅनेजरकडून, वाचून घेतो.