शिकण्यासाठी हलके विमान: काय पाहावे?

प्रश्न: आम्ही तिघे मिळून विमान शिकण्यासाठी दोन आसनी, वापरलेले लाइट स्पोर्ट विमान घेणार आहोत. ६०० किलो कमाल वजन, १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन. काय तपासावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आधी वजनाचा हिशेब मांडा. रिकामे विमान ३५० किलो असेल, तर उरतात २५० किलो. ८०-८० किलोचे दोघे बसले की ९० उरतात. १०० लिटर पेट्रोल म्हणजे ७२ किलो, मग सामानाला जेमतेम १८. माहितीपत्रकातला आकडा धरू नका, प्रत्यक्ष वजन केल्याचा ताजा दाखला मागा.

कोल्हापूरचा उन्हाळा विसरू नका. उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. ३८ अंशांत तिथली हवा ५,२०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. धाव लांबते, चढ मंदावतो. शिकाऊंनी सकाळीच उडावे.

इंजिनाची मोठ्या दुरुस्तीपर्यंतची मुदत २,००० तासांची, पण रबरी नळ्या तास कितीही झाले असोत, दर ५ वर्षांनी बदलाव्याच लागतात. त्या जुन्या असतील तर किंमत तेवढी पाडून घ्या. नवशिक्यांच्या आदळलेल्या उतरण्यांची खूण पुढच्या चाकाच्या दांड्यापाशी सापडते: फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि आसनांमधल्या आडभिंतीचा, पत्रा सुरकुतलेला, रिव्हेटभोवती काळपट डाग. असे दिसले तर ते विमान सोडा, रंग कितीही चकचकीत असो.

आणि बयाणा देण्याआधी, या विमानावरचे तास परवान्यासाठी धरले जातील का, हे प्रशिक्षण संस्थेकडून लेखी घ्या. खासगी परवान्याला किमान ४० तास लागतात.