कोरड्या त्वचेसाठी घरच्या घरी नैसर्गिक लोशन कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात दिवसभर एसीखाली बसून हातपाय पांढरे पडतात, नखाने ओढलं तर रेघ उठते, आणि विकतचं काही नको. मग घरी करा की, पण लोशन नको. मलम करा.

फरक पाण्याचा आहे. लोशनमध्ये पाणी असतं, आणि पाणी आलं की मागोमाग बुरशी. मीही पहिल्यांदा कोरफडीचा गर आणि खोबरेल मिक्सरला फिरवून बरणी भरली होती. काय सुरेख दिसत होतं! दुसऱ्या दिवशी तेल वर, पाणी खाली. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास आणि कडेला करडे ठिपके. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून घातली की टिकतं, असं सांगणारे भेटतील. तिने तेल खवट व्हायला वेळ लागतो, बुरशी काही थांबत नाही.

आता मी कोकमाचं तेल वापरते. कोकमाच्या बियांचं तेल, मुठीत दाबून वळलेला फिकट गोळा. म्हणून त्याला मुठेल म्हणतात. वेंगुर्ल्याच्या माझ्या सासूबाई भिरंडेल म्हणतात. दादरला कोकणचा माल ठेवणाऱ्या दुकानांत विचारा. नुसतं खोबरेल का नाही? ते २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मुंबईत थंडीतल्या सकाळी सोडल्या तर पातळच. मुठेल ४० अंशांच्या जवळपास वितळतं, त्यामुळे मलमाची डबी पर्समध्ये सांडत नाही.

४० ग्रॅम मुठेल किसून घ्या, ६० ग्रॅम तिळाचं तेल घाला, आणि स्टीलची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. वितळलं की पातळ फडक्यातून गाळा, गोळ्यात कधी कधी कचरा निघतो. डबी खडखडीत कोरडी हवी. ओतल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा; बाहेर सावकाश गार झालं तर तुपासारखं रवाळ होतं. बिघडलेलं नसतं, पण हाताला खरखरतं. फार घट्ट झालं तर पुन्हा वितळवून चमचाभर तेल वाढवा.

लावायचं कधी, यावर निम्मं अवलंबून आहे. मलम स्वतः ओलावा देत नाही, असलेला कोंडून धरतं. आंघोळ कोमट पाण्याने करा, अंग खसाखसा न पुसता नुसतं टिपा, आणि दमट असतानाच वाटाण्याएवढं मलम तळहातावर चोळून लावा. संध्याकाळी कोरड्या हाताला लावायचं असेल तर आधी हात ओले करा, नाहीतर नुसतं तेलकट वाटतं आणि मोबाइलवर ठसे उमटतात.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. मुरमं येत असतील तर चेहऱ्यापासून लांब ठेवा. लिंबू मात्र कशातच पिळू नका, कोरड्या कातडीला झोंबतं. टाचेच्या भेगांतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि पायाला लावल्यावर मोजे घाला, लादीवर पाय सटकतो. मी एकदा आपटलेय.