पावसाळ्यात अडेनियमचं खोड मऊ पडतं

प्रश्न : गच्चीवरचं अडेनियम (फुगीर खोडाचं ‘डेझर्ट रोज’) नागपूरच्या मे महिन्यात छान फुलतं, पण जुलैत पानं पिवळी पडून खोड मऊ होतं. झाड राजस्थानचं आहे का? काय करावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : झाड राजस्थानचं नाही. सहाराच्या दक्षिण कडेने सेनेगलपासून सोमालियापर्यंत, खाली केनिया-टांझानियात आणि पलीकडे येमेन, ओमान, सौदी अरेबियात ते खडकाळ उतारांवर वाढतं. तिथे पाणी मुळांशी साचतच नाही. आपल्याकडे मात्र जून ते सप्टेंबर कुंडी सतत ओली राहते आणि मुळं कुजतात. उन्हाचा त्यात काहीच दोष नाही.

खोडाचा फुगीर भाग अंगठ्याने दाबा. दबला तर झाड लगेच उपटा, उद्यावर ढकलू नका. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने तपकिरी भाग कापत जा. आतला गर सगळीकडे पांढरा, टणक दिसला की थांबा. एक तपकिरी ठिपका जरी राहिला तरी कूज परत पसरते. कापलेल्या जागी बुरशीनाशक लावून झाड आठवडाभर सावलीत कोरडं ठेवा. मग दोन भाग जाडी वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग शेणखत अशा कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी आठ दिवसांनी. कन्हान नदीची वाळू चालेल, पण चाळून बारीक माती काढून टाका.

हातमोजे हवेतच, कारण चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावत.

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीलाच कुंडी छपराखाली घ्या आणि खालची ताटली काढा. डिसेंबरात पानं गळाली तर घाबरू नका, फक्त पाणी कमी करा.