ऑर्डर ०.१२५ मिलिग्रॅम, गोळी २५० मायक्रोग्रॅमची. किती द्यायची?

तुम्ही नर्सिंगच्या विद्यार्थिनी. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची ऑर्डर ०.१२५ मिलिग्रॅम, स्ट्रिपवर २५० मायक्रोग्रॅम, आणि भागाकार करून उत्तर आलं ०.०००५ गोळी. भागाकार बरोबरच आहे हो! फक्त वर मिलिग्रॅम राहिले आणि खाली मायक्रोग्रॅम.

१ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. मी कायम मिलिग्रॅमचेच मायक्रोग्रॅम करते, उलटं कधीच नाही, कारण तसं केलं की पॉइंट बहुतेक वेळा निघूनच जातो. पॉइंट सरकवताना गडबड होत असेल तर किराणा दुकान आठवा. किलो आणि ग्रॅमचं नातंही हजाराचंच. ०.२५ किलो म्हणजे पाव किलो, २५० ग्रॅम. ०.१२५ किलो म्हणजे अर्धा पाव, १२५ ग्रॅम शेव. तसेच ०.१२५ मिलिग्रॅमचे १२५ मायक्रोग्रॅम. १२५ भागिले २५०, अर्धी गोळी. संपलं.

मी शिकत असताना थायरॉक्सिन ०.०५ मिलिग्रॅमची ऑर्डर होती, बाटलीतली गोळी ५० मायक्रोग्रॅमची. मी ०.०५ चे केले ५०० आणि पहाटे झाकणात गोळ्या मोजत बसले. सातव्या गोळीला सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगं, थायरॉइडला दहा गोळ्या कोण देतं?" द्यायची होती एक. तेव्हापासून उत्तर दोनाच्या वर किंवा अर्ध्याच्या खाली गेलं की मी आधी एककं बघते. काही औषधांच्या एका वेळी चार-सहा गोळ्या खरंच असतात, पण तेव्हाही दुसऱ्या सिस्टरकडून हिशोब तपासून घ्यायचा.

अर्धी करायची तर मधे रेघ असलेलीच गोळी, आणि कटरने. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) किंवा एंटेरिक कोटेड (जठरात न विरघळणारं आवरण असलेली) असेल तर तोडू नका, कमी पॉवरची मागवा. डिगॉक्सिन देण्याआधी पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स, म्हणजे छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके, मोजा. मोठ्या माणसाची पल्स ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा.

आणि चार्टवर लिहिताना पॉइंटच्या आधी शून्य हवंच: ०.५. नुसतं .५ लिहिलं तर केसपेपरच्या घडीत पॉइंट जातो आणि पुढच्या ड्यूटीला ५ वाचलं जातं. ५.० असंही लिहू नका, त्याचे ५० होतात.