घरी गाणी रेकॉर्ड करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कोथरूडला राहता, घरी आठ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे, तुम्ही पेटी वाजवता, मिसेस भावगीतं आणि अभंग गातात, चिरंजीव बीट्स बनवतात. तिघांना चालेल असं एकच सॉफ्टवेअर हवंय, माइक वगैरे धरून पंधरा हजारांत बसवायचंय, आणि कोणीतरी कानात घातलंय की प्रो टूल्स नसेल तर आवाज 'प्रोफेशनल' येत नाही. वर विचारलंय, क्लास लावावा का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या दोघांसाठी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. चिरंजीवांचं प्रकरण वेगळं आहे, त्यांना बीट्ससाठीचं एफएल स्टुडिओ घेऊ द्या. तिघांना मिळून एकच, हा हट्ट सोडा. त्यात तिघांचीही अडचण होईल.

मी नारायण पेठेत राहतो, तबला वाजवतो आणि घरातल्या मागच्या खोलीत मित्रमंडळींची गाणी, एकांकिकांचं पार्श्वसंगीत असं काहीबाही रेकॉर्ड करतो. पुरुषोत्तम आणि फिरोदिया या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांच्या दिवसांत कॉलेजची पोरं रात्री अकराला दार वाजवतात. हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही, पण वेगवेगळ्या लोकांच्या फायली हाताखालून जातात, त्यामुळे कोणाचं गाडं कुठे अडतं ते दिसतं.

प्रो टूल्सचं आधी निकालात काढू. 'त्यात आवाज भारी येतो' ही निव्वळ अफवा आहे, आणि ती घरबसल्या तपासता येते. तानपुरा, पेटी आणि गळा अशा तीन वेव्ह (न दाबलेल्या आवाजाच्या) फायली घ्या. एका सॉफ्टवेअरमध्ये टाका, फेडर (आवाजाची पट्टी) शून्यावर, इफेक्ट काही नाही, आणि मिक्स बाहेर काढा. त्याच तीन फायली दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून तसंच करा. पॅन-लॉ (आवाज डावी-उजवीकडे वाटताना पातळी किती ठेवायची त्याचं सेटिंग) दोन्हीकडे एकच ठेवा, नाहीतर पातळीत फरक पडेल. आता ही दोन मिक्स एकाखाली एक लावा आणि एकाची फेज उलटी करा, म्हणजे लाटेचा चढ तिथे उतार होतो. दोन्ही एकसारखी असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही. मी हे करून पाहिलंय. मीटरचा काटासुद्धा हलत नाही. सॉफ्टवेअर आवाजांची फक्त बेरीज करतं, आणि बेरीज सगळ्यांना सारखीच येते. आवाज बदलतो तो माइकने, खोलीने, गळ्याने आणि वर लावलेल्या प्लगइन्सनी, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅम्सनी.

मग मोठ्या स्टुडिओंत प्रो टूल्स का? कारण सिनेमाच्या ध्वनीकामात आणि व्यावसायिक स्टुडिओंत प्रोजेक्ट एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि सगळ्यांकडे तेच असलं की फाइल सरळ उघडते. तुमच्या घरात प्रोजेक्ट हॉलमधून बेडरूममध्ये जाणार आहे. तरी हौस असेल तर त्याची इंट्रो नावाची मोफत आवृत्ती आहे, तिच्यात आठ ऑडिओ ट्रॅक मिळतात. खरं सांगायचं तर भावगीताला आठ पुरतात: तानपुरा एक, पेटी एक, गळा एक, तबला-डग्ग्याचे दोन, टाळ किंवा मंजिरी एक, वर दोन शिल्लक. पण कोरस दोनदा गाऊन जाड करायचा म्हटलं की संपलं.

आता तुमच्या संगीताला नेमकं काय लागतं ते बघू, कारण यूट्यूबवरच्या तुलना बहुतेक चार मात्रांत बीट बनवणाऱ्यांसाठी केलेल्या असतात.

सगळ्यात पहिली कसोटी म्हणजे ताल. कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं की मेट्रोनोम चार मात्रांचा असतो आणि पहिल्या मात्रेवर मोठा 'टिंग' देतो. केरव्याला, त्रितालाला ते चालून जातं. रूपक लावा, मग गंमत कळते. ती ती ना, धि ना, धि ना. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीच्या (बिनटाळीच्या) जागी येते, आणि हा यंत्रातला गृहस्थ नेमका तिथेच सगळ्यात जोरात ठोकतो. गाणारीच्या कानात हेडफोनमधून तो 'टिंग' पडला की ती नकळत समेवर जोर देऊन गायला लागते आणि गाण्याचा डौल जातो. हे मी समोर बसून ऐकलंय, आणि तिला कळतही नव्हतं काय बिघडतंय ते. रीपरमध्ये सातची मात्रासंख्या लावून कुठल्या मात्रेवर कसला ठोका द्यायचा ते ठरवता येतं. चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर टाळी, पहिली हलकी, की झालं. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीनही तसेच बसतात. याहून सोपी युक्ती कुठल्याही सॉफ्टवेअरला चालते: मेट्रोनोम बंदच करा, तबला ॲपमधला ठेका एका ट्रॅकवर रेकॉर्ड करा, त्यावर गा आणि शेवटी तो ट्रॅक म्यूट करा. माझ्याकडे येणाऱ्या गायिका मेट्रोनोमच्या क्लिकपेक्षा यावर दुप्पट खुलतात.

दुसरी कसोटी म्हणजे तालाबाहेरचं गाणं. अभंगाआधी आलाप असतो, त्याला लय नसते. सॉफ्टवेअरला वाटतं सगळं जग चौकटीत चालतं. रीपरमध्ये एक खोड आहे, ती आधीच सांगून ठेवतो: मूळ सेटिंग तसंच ठेवून नंतर टेम्पो बदललात, तर आधी रेकॉर्ड केलेला गळाही त्याबरोबर ताणला किंवा आखडला जातो. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस (रेकॉर्डिंग कशाला बांधलेलं राहील ते) 'टाइम'वर ठेवायचा, मग आलाप जागचा हलत नाही. स्नॅपही (तुकडे चौकटीच्या रेघांना चिकटवणारी सोय) बंद करा. मॅकवाल्यांच्या लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये उलटी सोय आहे, तुम्ही गायलेल्यावरून तेच टेम्पो ओळखतं. ती छानच आहे, पण तुमच्याकडे मॅक नाही, आणि नुसत्या त्यासाठी मॅक घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तिसरी म्हणजे टेक (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) जुळवणं. अंतरा पाच वेळा गायला, प्रत्येकात एकेक ओळ चांगली आली, त्या ओळी उचलून एक अंतरा करायचा. घरच्या गाणाऱ्यांना याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. रीपरच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे २०२३पासून, हे माउस ओढून करता येतं. आधी थोडं किचकट होतं. माझं मत विचाराल तर ओळीच्या खाली तुकडे करू नका. शब्दाशब्दाने शिवलेला अंतरा सुरात असतो, पण श्वास खोटे वाटतात, आणि ते न गाणाऱ्यालाही जाणवतं.

सूर दुरुस्त करणाऱ्या प्लगइनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. रीपरमध्ये रीट्यून नावाचं येतं, फुकट. स्वयंचलित दुरुस्ती लावलीत तर मींड म्हणजे जिन्याच्या पायऱ्या होतात, आणि दरबारीचा आंदोलित गंधार सरळ बोर्डासारखा उभा राहतो. एखादा सूर हाताने सारखा करायचा तर करा. बाकी हात लावू नका.

लॅपटॉपबद्दल. आठ जीबीवर गळा-पेटी-तबला रेकॉर्ड करायला काही अडचण नाही. रीपर स्वतः फारच हलकं आहे. रॅम खातात ती वाद्यांची सॅम्पल्स (आधीच रेकॉर्ड केलेले सूर), आणि ती तुम्ही फारशी वापरणार नाही. मात्र विंडोजवर आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारा ॲसिओ ड्रायव्हर लागतोच. ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) घेतलात की त्याच्याबरोबर येतो. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते) १२८ सॅम्पल आणि दर सेकंदाला ४८,००० सॅम्पल ठेवला तर एका बाजूचा उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. आवाजाला हवेतून एक मीटर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. जाऊन-येऊन दुप्पट आणि वर थोडं धरा, तरी गाणारीला खटकत नाही. तेच १,०२४ वर ठेवून गायला बसलात तर स्वतःचाच आवाज मागून आल्यासारखा वाटेल. मिक्स करताना मात्र १,०२४च ठेवा, लॅपटॉप सुटकेचा श्वास घेईल. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट हेडफोनमध्ये देणारं) बटण असेल तर गाताना या भानगडीत पडायचंही कारण नाही.

बजेट बहुतेक इंटरफेस, माइक आणि हेडफोनमध्येच जाईल, आणि तेच बरोबर आहे. पेटी आणि गळा एकाच वेळी घ्यायचा असेल तर दोन माइक इनपुट बघून घ्या. एकच असलेला स्वस्तात मिळतो म्हणून घेतात आणि मग पेटी नंतर वेगळी वाजवत बसतात. रीपरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच-साडेपाच हजारांच्या घरात. आधी ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर काहीही न कापता वापरून बघता येतं, त्यामुळे आजच पैसे टाकायची घाई नाही. परवाना पुढच्या एका मोठ्या आवृत्तीपर्यंत चालतो. पेन ड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर्स घेऊ नका. नीतीचं सोडा, त्यातून लॅपटॉपमध्ये काय शिरेल सांगता येत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर तुमचं नेट बँकिंग असणार.

रीपरचे दोषही सांगायला हवेत. दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे. मेन्यू उघडला की संपतच नाही. आणि सोबत वाद्यं जवळपास काहीच येत नाहीत; बासरी, सतार, व्हायोलिनचा ताफा हवा असेल तर वेगळा घ्यावा लागतो. घरात कुणाकडे आयपॅड असेल तर त्यावरचं मोफत गॅरेजबँड आधी बघा. सुरुवात करायला त्याच्याइतकं सोपं काही नाही आणि तबल्याचे लूपही त्यात मिळतात. ऑडॅसिटी नुसता रियाज रेकॉर्ड करून ऐकायला उत्तम, मोफत. पण थर चढवत गाणं उभं करायला त्यात हात बांधल्यासारखे होतात.

आता चिरंजीव. एफएल स्टुडिओचा पियानो रोल (सूर मांडायचा तक्ता) आणि स्टेप सिक्वेन्सर (ठोके मांडायचा तक्ता) यांना बीट्सच्या बाबतीत तोड नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. पण दोन मेखा आहेत. सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीत गळा रेकॉर्ड करता येत नाही, त्यासाठी वरची प्रोड्यूसर लागते. 'स्वस्त पडली' म्हणून फ्रूटीच घेऊन आईचा आवाज कसा घ्यायचा ते विचारत आलेली मुलं मी पाहिलीत. आणि मोफत चाचणी आवृत्तीत प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. तेव्हा चाचणीत काही बनवलं तर बंद करण्याआधी वेव्ह काढून ठेवायला सांगा. एबलटनही चांगलं आहे, विशेषतः मंचावर लूप वाजवणाऱ्यांना. त्याची लाइट आवृत्ती बऱ्याच इंटरफेसबरोबर येते, खोक्यातला कोड टाकून बघा, आवडलं तर चिरंजीवांचा खर्चच वाचला.

दोन सॉफ्टवेअर्समध्ये काम वाटायचं कसं? टेम्पो आधी ठरवून घ्या. त्यांनी प्रत्येक वाद्य वेगळं, सगळ्या फायली शून्यापासून सुरू होणाऱ्या, २४ बिट ४८,००० च्या वेव्ह म्हणून काढून द्यायच्या. तुम्ही त्या रीपरमध्ये शून्यावर सोडायच्या. सगळं जागच्या जागी बसतं. स्टिरिओ वेव्हचा एक मिनिट साधारण सतरा एमबी होतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर गाणं म्हणून पाठवू नका, तिथे ते दाबलं जातं. पेन ड्राइव्ह घ्या. आणि गाणं पूर्ण झालं की अशाच सुट्या वेव्ह एका हार्ड डिस्कवर कायम ठेवा. केकवॉक सोनारसारखं जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर गिब्सनने २०१७मध्ये एकाएकी थांबवलं होतं. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते घेतलं म्हणून लोकांचे प्रोजेक्ट वाचले. वेव्ह मात्र कशातही उघडते.

पुणेकर म्हणून दोन गोष्टी. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर लावा, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे लक्षात ठेवून रेकॉर्डिंग बेता. लॅपटॉप बॅटरीवर चालेलही, पण यूएसबीवर न चालणारा इंटरफेस असेल तर टेक तिथेच तुटतो. आणि गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी सहानंतर माइक लावूच नका. ढोलाचा खर्ज कुठल्याही गादीतून, गोधडीतून आत येतो आणि सॉफ्टवेअरने काढता येत नाही. पंख्याची घरघर रीपरमधल्या रीफर नावाच्या प्लगइनने कमी होते, पण जास्त लावलंत तर पेटीच्या भात्याचा श्वासही खाऊन टाकतं. त्यापेक्षा दहा मिनिटं पंखा बंद करून घाम पुसत गाणं परवडतं.

क्लास लावू नका. रीपरच्या संकेतस्थळावर केनी जोइया यांचे मोफत व्हिडिओ आहेत, विषयवार आणि छोटे. इंग्रजीत आहेत, पण पडद्यावर बघून कळतात. रेकॉर्डिंग, टेक आणि रेंडर (गाणं फाइल म्हणून बाहेर काढणं) एवढेच तीन विषय आधी बघा आणि मिसेसना येत असलेला एखादा अभंग शेवटपर्यंत, म्हणजे वेव्ह बाहेर पडेपर्यंत न्या. मिडीचं, म्हणजे सूर-ठोके संगणकाला सांगून वाद्यं वाजवण्याचं, चिरंजीव बघतील.