राजीनाम्यावर सही करण्याआधी

प्रिय,

तुझा मेल वाचला. प्रोजेक्ट संपला, तू बेंचवर, म्हणजे पगार चालू पण हातात प्रोजेक्ट नाही अशा अवस्थेत आलीस, आणि सोमवारी एचआरने बोलावलंय. ‘सहा वर्षं जीव तोडून काम केलं, मग मी कुठे कमी पडले?’ असं तू विचारतेस. कमी पडलीस असं धरूनच तू चालली आहेस, आणि त्याच अवस्थेत सोमवारी आत गेलीस तर समोरचे सांगतील तिथे सही करून बाहेर येशील. म्हणून हे घाईने लिहितोय.

कपातीची यादी कशी होते ते मी जवळून पाहिलंय. वरून आकडा येतो, या युनिटमधून इतका खर्च कमी करा. मग एक्सेल शीट उघडते. माणशी एक ओळ. एम्प्लॉयी कोड, बँड म्हणजे पदाची श्रेणी, सीटीसी म्हणजे तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, क्लायंटकडून मिळणारा बिलिंग रेट, बेंचवरचे दिवस, मागची रेटिंग्ज. ऐन गणपतीत रात्रभर जागून क्लायंटची बंद पडलेली सिस्टिम तू उभी केलीस, नव्या पोरांना हाताशी धरून शिकवलंस, त्याचा रकाना त्या शीटमध्ये नसतो. यादी करणारा बहुतेक वेळा तुला ओळखतही नसतो. मॅनेजर ओळखतो, पण दोन-तीन नावं वाचवण्यापलीकडे त्याचं फारसं चालत नाही.

रेटिंगचंही मनाला लावून घेऊ नकोस. जिथे बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना वरचं, मधलं आणि खालचं रेटिंग द्यायचंच ही पद्धत, सक्तीने लावतात तिथे दहाही जण चांगले असले तरी कुणाला तरी तळाला टाकावंच लागतं. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडे ती नाव बदलून अजून बऱ्याच ठिकाणी चालते.

आपल्या आयटीचा धंदा पिरॅमिडवर उभा आहे. खाली भरपूर फ्रेशर, वर मोजके अनुभवी. दरवर्षी तुझा पगार वाढतो, पण क्लायंट तुझ्यासाठी देतो तो दर त्या मानाने वाढत नाही. काम तेच, मार्जिन मात्र कमी. तू जितकी जाणती होतेस तितकी त्या शीटमध्ये महाग दिसतेस. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये जवळपास २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असं सांगितलं, तेव्हा रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होता. त्याच्या महिनाभर आधी तिथे नियम आला होता की वर्षात २२५ दिवस क्लायंटला बिल लावता येईल असं काम हवं आणि बेंचवर ३५ पेक्षा जास्त दिवस नकोत. आता हे दिवस काही एकट्या माणसाच्या हातात नसतात. नवं काम कंपनीने आणायचं, आणि ते आलं नाही की दिवस मोजायचे तुझ्या खात्यावर. मला हे सरळ सरळ अन्यायाचं वाटतं.

आता सोमवारचं. बहुतेक ते गोड बोलतील. ‘तू स्वतःच पोर्टलवर राजीनामा टाक, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल.’ लॅपटॉपही तुझ्याकडे सरकवतील. तिथे बसून काहीही टाकू नकोस. ‘मला हे सगळं मेलवर द्या, वाचून कळवते’ एवढंच म्हण आणि ऊठ. राजीनामा दिलास की कागदोपत्री तू आपखुशीने गेलीस. कंपनीने कमी केलं तर कायद्याने नोटीस किंवा नोटिशीचा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनाम्यानंतर हे मागणं फार अवघड होतं. ही तरतूद कायद्याच्या भाषेत जो ‘कामगार’ आहे त्याच्यासाठी आहे, मॅनेजरसाठी नाही. पण तिथे पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय करतेस ते पाहतात. तुझ्या हाताखाली कुणी नाही, तू कोड लिहितेस, हे वकिलाला आवर्जून सांग. ग्रॅच्युइटीची चिंता नको. पाच वर्षं झाली आहेत, राजीनामा दिला तरी ती तुझ्या हक्काची.

एक गोष्ट हमखास राहून जाते. आईबाबांचा मेडिक्लेम कंपनीच्या पॉलिसीत आहे ना? नोकरीबरोबर तोही जातो. त्यांची वेगळी पॉलिसी आत्ताच बघायला घे. वडिलांना शुगर आहे, आधीच्या आजारांसाठी थांबावं लागतं, म्हणून उशीर नको.

आणि घरी आज सांग. रोज डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर कुठेतरी कॅफेत बसायचं, असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. नोकरी गेल्यापेक्षा ते लपवण्यानेच ती जास्त खचली.

शनिवारी सकाळी ये. ऑफर लेटर, सगळी अप्रेझल लेटर्स आणि शेवटच्या तीन पगाराच्या स्लिप घेऊन ये. कामगार कायदे बघणाऱ्या वकीलबाईंना मी त्याच वेळी बोलावतो.

तुझा,
सर