‘अँटिगनी’ पहिल्यांदा वाचताय? मग एवढंच सांभाळा

सुरुवात ‘अँटिगनी’ने करताय हे उत्तम. क्रम जुळवायला आधी ‘ईडिपस’ संपवायची गरज नाही. प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीसने ‘अँटिगनी’च आधी लिहिलं, इ.स.पू. 441च्या सुमारास. ही तीन नाटकं (‘अँटिगनी’ आणि ईडिपसवरची दोन) म्हणजे सलग मालिका नव्हे.

नवखे वाचक हमखास करतात ती चूक म्हणजे थीब्ज नगराचा राजा क्रेऑन याला पहिल्याच पानावर खलनायक ठरवून टाकणं. अँटिगनीचा भाऊ पॉलिनायसीस परकी फौज घेऊन स्वतःच्याच थीब्जवर चालून आला होता आणि त्यात मारला गेला. देशद्रोह्याला स्वतःच्या मातीत पुरायचं नाही, हा नियम खुद्द अथेन्समध्येही होता. मात्र हद्दीबाहेर पुरायला मनाई नव्हती. क्रेऑन त्याचं प्रेत उघड्यावर कुजू देतो. गडबड तिथे आहे.

आणि तो नुसता राजा नाही, अँटिगनीचा सख्खा मामा आहे! त्याचा मुलगा हायमन तिचा नियोजित वर. (आपल्याकडच्या वाचकाला हे नातं समजावून सांगावं लागत नाही.) म्हणजे ‘घर विरुद्ध राज्य’ हे भांडण मुळात एकाच घरातलं.

वाचताना एवढं करा:
- अँटिगनीच्या बहिणीला, इस्मिनीला, भित्री म्हणून सोडून देऊ नका. तिचे मुद्दे नीट ऐका.
- बाप-लेकाचा, म्हणजे क्रेऑन आणि हायमनचा, वाद मोठ्याने वाचा.
- शेवटी अँटिगनी म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी तिने हे (राजाची आज्ञा मोडून मूठमाती देणं) केलं नसतं. आईबाप गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा मिळत नाही. तिथे अडखळलात तर बरोबर वाचताय.

जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचं या नाटकावरचं विवेचन सध्या बाजूला ठेवा. आधी दोनदा नाटक वाचा.